पांढऱ्या बाह्यांआडची बाई

पेकिंग ऑपेरा या चिनी संगीत नाट्यप्रकारातील स्त्री रंगमंचावर पाऊल ठेवते तेव्हाच तिचा स्वभाव ठरलेला असतो. सोशीक, पतिव्रता असेल तर ती चिंग-यी. तिची नजर खाली, चाल संथ, आणि हात झाकूनही खाली लोंबतील अशा लांब पांढऱ्या रेशमी बाह्या. रडायचे झाले की त्यातलीच एक उचलून चेहऱ्याआड धरायची. ठसकेबाज दासी किंवा अल्लड तरुणी असेल तर ती ह्वादान. पहिलीच्या वाट्याला गाणे अधिक, दुसरीच्या वाट्याला बोलणे आणि मुरके अधिक. अंग आवरून राहणे म्हणजेच शील, ही समजूत काही आपलीच मक्तेदारी नव्हती.

गंमत अशी, की हे सारे बाईपण घडवले ते पुरुषांनी. चीनच्या छिंग राजवटीत स्त्रियांना या रंगमंचावर मज्जाव असल्याने पुरुष नट कृत्रिम गळ्याने, वरच्या पट्टीत गात आणि तिथे मुलींची पावले लहानपणीच करकचून बांधून खुंटवत, तशा पावलांचा भास व्हावा म्हणून पायांखाली लाकडाची चिमुकली पावले बांधून नाचत. बालगंधर्वांच्या आठवणींवर पोसलेल्या मराठी माणसाला पुरुषाने साकारलेल्या स्त्रीचे नवल वाटणार नाही. त्या लाकडी पावलांनी मात्र अंगावर काटा येतो.

स्त्रीभूमिका करणारे नट वांग याओछिंग आणि त्यांच्याकडे शिकलेले मेई लानफांग (१८९४–१९६१) यांनी या दोन प्रकारांमधली भिंत पाडली. ‘मद्यधुंद राणी’ या खेळात बादशहाची लाडकी राणी यांग ग्वेईफेई मेजवानी मांडून त्याची वाट पाहते आणि तो दुसऱ्याच राणीकडे गेल्याचे तिला कळते. मग ती एकटीच पिऊ लागते. पेला दातांत धरून ती कमरेतून मागे, आणखी मागे झुकत जाते आणि तो रिकामा करते. पूर्वी हा खेळ बराच चावट होता. मेईंनी त्यातला चावटपणा काढून अपमान तेवढा ठेवला, आणि माझ्या मते तिथेच ती राणी ‘प्रकारा’तून सुटून माणूस झाली.

म्हाताऱ्या स्त्रीची भूमिका, म्हणजे लाओदान, मला सर्वांत आवडते. तिला कृत्रिम गळा लावावा लागत नाही, ती मोकळ्या आवाजात गाते. जणू तरुणपण सरल्यावरच बाईला स्वतःचा आवाज मिळावा. चिनी कथांमधल्या लढवय्या यांग घराण्यातली वृद्ध आजी अशीच सुनांना, नातसुनांना रणांगणावर धाडते. त्याच घराण्यातली मू ग्वेईयिंग वय झाल्यावर पुन्हा सेनापतिपद स्वीकारते, आणि १९५९ मध्ये ती भूमिका रंगमंचावर उभी केली ती पासष्टीला टेकलेल्या मेई लानफांग यांनीच.