सायबाच्या वाटेवर

सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. त्यांच्या नोव्हेनासाठी, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी, सावंतवाडीहून जुन्या गोव्यापर्यंत पायी तीन दिवस. पहाटे चारला निघायचं, ऊन चढेपर्यंत जमेल तेवढं अंतर तोडायचं, चारनंतर पुन्हा चालायचं. बांदा कधी मागे पडलं ते आठवतही नाही. टेम्पोवरच्या कर्ण्यातून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होती. शुक्रवार, म्हणून दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग.

पत्रादेवी ओलांडल्यावर डावी टाच गरम लागली. तिथेच थांबून पट्टी चिकटवायला हवी होती. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी मऊ पडते आणि बूट घासून वरचा थर सुटतो. मध्ये पाणी भरतं. हे ठाऊक असूनही एवढं रहस्य संपू दे म्हणून चालत राहिले. तो त्याग नव्हता, हयगय होती.

आमच्यातले एक काका अनवाणी चालत होते. "दुखल्याशिवाय अर्पण कसलं?" हे त्यांचं सारखं चाललेलं. मला संताप येत होता. क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेच पित्याला विनवलं, हा प्याला माझ्यावरून टळून जावो. त्याने दुःख शोधलं नाही. पित्याच्या इच्छेपायी आलं, तेव्हा ते सोडून पळाला नाही. जखम मुद्दाम वाढवून वेदीवर काय ठेवायचं?

धारगळच्या अलीकडे एका अंगणात टेकले. समोर तुळशीवृंदावन. आतून आजी आल्या, पायाकडे बघून म्हणाल्या, "सायबागेर चल्ल्यात?" मी मान हलवली. "पांय हांगा दवर गो." पाट पुढे सरकवला.

फोड लहान असता तर फोडला नसता. पण हा रुपयाएवढा, टम्म, त्यावर टाच टेकत नव्हती. आजींनी शिवणाच्या डब्यातली सुई पातेल्यात दहा मिनिटं उकळली. मी साबणाने हात आणि टाच धुतली, फोडाच्या कडेला खालच्या बाजूने दोन भोकं पाडली, स्वच्छ कापडाने हलके दाबून पाणी काढलं. वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच आतल्या मांसाचं झाकण असते. काढली की पाऊल टाकताना आग होते आणि जखम पिकायची भीती. वर मलम, मग पट्टी. आजी सगळा वेळ माझा घोटा धरून होत्या, दोन्ही हातांनी. निघताना त्यांनी कोरडे मोजे दिले, नातवाचे.

कोलवाळचा पूल, म्हापसा. पर्वरीच्या चढावर काकांच्या तळव्याची साल सुटली. डांबरावर ओला ठसा उमटत होता. त्यांना टेम्पोत बसायचं नव्हतं. मी त्यांची पिशवी घेतली, चार किलो तरी असेल. मनापासून घेतली नाही. पण येशूचा क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनालाही वेठीसच धरलं होतं. पट्टी बांधू दिली त्यांनी, माझे जुने मोजे चढवले आणि बोलायचे थांबले.

रायबंदरचा बांध पहाटे लागला. 1633-34 साली बांधलेला, तीनेक किलोमीटरचा, बाजूला खारफुटी. फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी सांशियान बेटावर तापाने गेले. चीनच्या किनाऱ्यावर नेणाऱ्या नावेची वाट बघत होते, ती आलीच नाही. त्यांचं ते वाट बघणं मला टाचेपेक्षा जड वाटलं.

नोव्हेनाच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, मंडपात जागा मिळाली. अर्पणाच्या वेळी काकांनी हळूच विचारलं, "पिशवीचा पट्टा खांद्याला लागला का गं?"

लागला होता. मी नाही म्हटलं.