तुम्ही विचारलंत म्हणून: सोरायसिसला गोळी बरी की इंजेक्शन?

सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल, खवले सुटणारे चट्टे आणणारा आजार. माझ्या कोपरांवरचे चट्टे आता जवळपास दिसत नाहीत, म्हणून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, माझा सोरायसिस वाढलाय. गोळी घेऊ की इंजेक्शन?" मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. त्या नात्यानं सांगते.

आधी आजार किती पसरलाय ते बघा. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. असे दहा तळहात भरतील एवढे चट्टे असले की नुसत्या मलमावर भागत नाही. तळपायावर, डोक्यात किंवा जांघेत असेल तर थोडा असला तरी अंगावर काढू नका. सकाळी बोटं आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. सांध्यांत उतरलेला सोरायसिस वेळेवर धरला नाही, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

मला मेथोट्रेक्सेटनं गुण आला. जुनी, स्वस्त गोळी, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. माझ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फक्त रविवारी' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. तुम्हीही वार लिहून घ्या. सोबत फॉलिक ॲसिड, दारू बंद, आणि लिव्हरच्या व रक्ताच्या तपासण्या सांगतील तेव्हा करायच्याच. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, तेवढा धीर हवा. मूल हवं असेल तर आधीच बोला. गरोदरपणात ही गोळी अजिबात चालत नाही. तेव्हा लाईट चालतो, म्हणजे कातडीवर 311 नॅनोमीटरचे अतिनील किरण घेणं. मात्र त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं.

गोळी सोसली नाही किंवा पुरली नाही, तर इंजेक्शन. सेक्युकिनुमॅबसारख्या इंजेक्शनांनी कातडी लवकर स्वच्छ होते, पण महाग पडतं. अडालिमुमॅब या अशाच दुसऱ्या इंजेक्शनाचं भारतात बनलेलं रूप 2014 मध्ये आलं, तेव्हापासून ते जरा आवाक्यात आलंय. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी हवीच. अंगात दबून बसलेला टीबी यांनी उठू शकतो.

मला खरी भीती वाटते ती नाव नसलेल्या पुड्यांची. त्यात स्टेरॉइड असलं तर पंधरा दिवसांत कातडी लख्ख होते, आणि पुडी थांबली की सगळं अंग लाल होऊन सोलवटतं, पुवाचे फोड येतात, ॲडमिट व्हावं लागतं. कुणाची अशी पुडी चालू असेल तर ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आपल्या मनानं एकदम बंद करू नका. पैशांची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवा.