एका किलोत बारा भाकरी

मावशींनी पुढे केलेल्या वहीत रक्तातल्या साखरेचे सगळे आकडे उपाशीपोटीचे होते. १६२, १५८, १७१, १५५. मधुमेहाचं निदान झाल्यापासून रोज पहाटे बोटाला सुई टोचायची, आकडा लिहायचा आणि तो वर दिसला की रात्रीचं जेवण बंद करायचं, असा त्यांचा क्रम चालला होता. न जेवता झोपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १५९ आले, तेव्हा त्यांचा धीर सुटला. "ताई, गोड तर तोंडात घालत नाही. आता उपाशीच ऱ्हायचं का मी?"

बावन्न वर्षांच्या, अंगाने बारीक, सोलापूर जिल्ह्यातल्या. घरी कडक भाकरी करून विकतात. निदानाच्या वेळी उपाशीपोटी १८४, जेवणानंतर २९१ आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, ९.४ टक्के; त्यावरून सरासरी निघते सुमारे २२३. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० ही मधुमेहाची गोळी सुरू केली होती, दोन वेळा, जेवणासोबत. बारीक माणसात साखर इतकी वर असली की शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही की काय, ही शंका घ्यावी लागते. म्हणून लघवीतले कीटोन (इन्सुलिन फारच कमी पडलं की हे तयार होतात) तपासले होते, ते नव्हते. वजनही घटत नव्हतं. "जाड नाही तरी शुगर कशी?" याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात मिळतं. आपल्याकडची माणसं दिसायला सडपातळ असली तरी अंगात, विशेषतः पोटाच्या आत, चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात.

पहाटेच्या आकड्याचा रात्रीच्या ताटाशी थेट हिशोब लागत नाही, हे आधी त्यांना सांगावं लागलं. आपण झोपलेलो असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं, आणि पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढली की आणखी सोडतं. मधुमेहात त्याला आवर घालणारं इन्सुलिन कमी पडतं. त्यामुळे जेवण टाळून हा आकडा उतरत नाही. औषध, झोप, वजन आणि दिवसभराचं खाणं यांनी तो काही आठवड्यांत सावकाश खाली येतो. कुठलं जेवण मानवतं आणि कुठल्याने साखर चढते हे मात्र त्याच दिवशी कळतं, पण त्यासाठी जोडीने मोजावं लागतं: जेवायला बसण्याआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. जेवण संपल्यापासून नव्हे. इथे निम्मे लोक चुकतात, कारण गप्पा मारत जेवायला पाऊण तास लागतो आणि मग मोजणी उशिरा होऊन चढ दिसतच नाही.

मावशींची पहिली जोडी आली १३८ आणि २४६. एका जेवणात १०८ चा चढ. ताटात काय होतं? दोन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. त्यांच्या दृष्टीने हे पथ्याचंच जेवण, कारण भात नाही, गोड नाही आणि "भाकरी शुगरला चांगली". मी भाकरीचं वजन विचारणार, तोवर त्याच म्हणाल्या, "एका किलोत बारा निघतात. हात बसलाय."

एवढा नेमका आकडा पेशंटच्या तोंडून क्वचित मिळतो. एक किलो पिठाच्या बारा, म्हणजे भाकरीला ८३ ग्रॅम पीठ. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका भाकरीत ५६ आणि दोन भाकरींत ११२ ग्रॅम. गव्हाच्या कणकेत ६४ च्या आसपास, म्हणजे ज्वारीची कर्बोदकं कणकेपेक्षा कमी नाहीत. भाकरी उत्तम अन्न आहे, मालदांडी ज्वारीची तर फारच, पण ती साखर न वाढवणारं औषध आहे हा समज आमच्या भागात फार खोल रुजलाय आणि त्यापायी लोक पोटभर खाऊन बुचकळ्यात पडतात. दोन फुलके खाणारा माणूस पंचवीस-पंचवीस ग्रॅम कणीक खातो. दोन थोराड भाकरी खाणारा त्याच्या तिप्पट पीठ खातो.

भाकरी सोडायला मी सांगितलं नाही. एका किलोत वीस करा, म्हटलं. मावशी हसल्या, पण करणाऱ्या हाताला ही भाषा लगेच समजली. पन्नास ग्रॅमची एक भाकरी म्हणजे ३४ ग्रॅम कर्बोदकं. गिऱ्हाइकाच्या भाकरी बाराच्या मापाच्या, घरच्या वीसच्या. घरची दुसरी भाकरी गेली तिथे एक वाटी घट्ट मटकीची उसळ, काकडीची नाहीतर मुळ्याची कोशिंबीर आणि वाटीभर ताक आलं. उसळीतही कर्बोदकं आहेत, पण सोबत प्रथिनं आणि चोथा असल्यामुळे साखर हळू चढते आणि तासाभरात पुन्हा भूक लागत नाही. नुसती भाकरी कमी करणारे इथेच फसतात: चार वाजता पोट खवळतं आणि टोस्टचा पुडा फुटतो. जेवायला सुरुवात कोशिंबीर-उसळीने करायची, भाकरी मागून. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं, लगेच, तासाभराने नाही. चहातल्या साखरेऐवजी त्यांनी गूळ धरला होता, तोही सुटला. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा फरक करता येत नाही.

एका वेळी एकच बदल, असा माझा आग्रह असतो. आधी भाकरीचं माप बदलून जोडी घेतली, मग उसळ वाढवून, मग चालणं जोडून. सगळं एकदम बदललं की कशाने उतरलं ते कळत नाही, आणि लग्नसराईत नेमकी कामाची गोष्टच सुटते. तिन्ही जमल्यावर रात्रीची जोडी आली १३१ आणि १७६. चढ ५० च्या आत आणि दोन तासांनी १८० च्या खाली, एवढं मला सुरुवातीला पुरतं.

पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून रोज दहा वेळा टोचण्यात अर्थ नाही. मावशींना आठवड्याला तीनच जोड्या दिल्या: सोमवारी न्याहारी, बुधवारी दुपार, शुक्रवारी रात्र. फक्त मेटफॉर्मिनवर साखर फार खाली जाण्याचा धोका कमी, म्हणून हे चालतं. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर लगेच मोजायचं. ७० च्या खाली असेल तर पाण्यातून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

एके दुपारी त्यांचा फोन आला, आवाज कापरा. मशीनवर ३१८. काय खाल्लं म्हटलं तर नेहमीचंच. हाताने काय करत होता म्हटलं तर, "डाळिंब सोलत हुते पोरांसाठी." स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं होतं. फळाचा रस बोळ्याने नीट निघत नाही, आणि जेमतेम थेंबभर रक्तात बोटावरची ती साखर मिसळली की आकडा आभाळाला भिडतो. साबण-पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, दुसऱ्या हाताचं बोट घ्या, म्हटलं. १६८ आले. ओलं बोट किंवा दाबून पिळून काढलेला थेंब उलट आकडा खाली दाखवू शकतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, म्हणजे भाकरी थापताना दुखत नाही. पट्टीच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, दमटपणाने पट्ट्या खराब होतात. धुतल्या हाताने पुन्हा मोजूनही ३०० च्या वर राहिलं आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर मात्र घरी थांबायचं नाही.

पंढरपूर जवळ, त्यामुळे एकादशी सुटणार नव्हती. साबुदाण्याच्या खिचडीची जोडी त्यांनी स्वतःहून घेतली: १२८ आणि २५९. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते रक्तात अगदी लख्ख दिसलं. पुढच्या एकादशीला शिजलेली भगर अर्धी वाटी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही. चढ आला ५२. उपवासही झाला.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.० आली. घरात आनंद झाला, पण ती घसरण सगळी जेवणाची आणि गोळीची म्हणता येत नव्हती. मावशींचं हिमोग्लोबिन सुरुवातीला १० होतं, लोह कमी. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर दिसू शकते, आणि लोहाच्या गोळ्यांनी रक्त सुधारलं की थोडी आपोआप उतरते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांमध्ये याच्या उलट, ती खोटी कमी दिसू शकते. म्हणून आम्ही वही उघडली. जेवणानंतरचे बहुतेक आकडे १५० ते १८० च्या मध्ये, पहाटेचे १२० च्या आसपास. वही आणि तपासणी एकच सांगत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली, डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी लिहून दिली आणि पट्ट्या आठवड्याला एका जोडीवर आणल्या.