ठिपक्यांची वही

वहीची किंमत मी घरात अजून कुणाला सांगितलेली नाही. जूनमध्ये मुलीच्या प्रयोगवह्या आणायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. दुकानात पंखा होता म्हणून जरा रेंगाळले, तर समोरच ती. जाड पुठ्ठा, रबराचा पट्टा आणि आत ना रेघा ना चौकटी, नुसते फिकट करडे ठिपके. ‘‘मॅडम, बुलेट जर्नल,’’ दुकानातला पोरगा म्हणाला. बुलेट म्हटल्यावर मला साताऱ्याच्या मामाची आठवली, किक मारली की गल्ली जागी करणारी. ही निदान आवाज करणार नाही, म्हणत साडेसहाशे रुपये मोजले.

घरी येऊन मग शिस्तीत अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरची ही पद्धत. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी ठरायचं नाही, म्हणून त्याने स्वतःपुरती काढलेली युक्ती २०१३ मध्ये लोकांपुढे ठेवली. काम असेल तर ठिपका, कार्यक्रम असेल तर गोल, नुसती नोंद असेल तर आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली. नाहीच झालं तर बाण काढायचा आणि ते पुढच्या महिन्यात पुन्हा हाताने लिहायचं. लिहायचाही कंटाळा आला तर ते काम करण्याच्या लायकीचंच नव्हतं असं समजून सोडून द्यायचं. म्हणजे आपलं ‘मागील पानावरून पुढे’च की!

बिचाऱ्याची वही अगदी साधी होती हो. रंगीत चिकटपट्ट्या, ब्रशपेनं, कोपऱ्यात फुलं-पाखरं हा सगळा संसार नंतर लोकांनी थाटला. मीही थाटला. ‘जुलै’ हा एक शब्द सुरेख काढायला मला अख्खी दुपार लागली. व्हिडिओतल्या मुली चार रोमन अक्षरं झरझर काढून मोकळ्या होतात. त्यांना ना खाली उकार, ना वर मात्रा. माझ्या ‘जु’चा उकार आठवड्याच्या चौकटीत घुसला आणि ‘लै’च्या दोन मात्रा पानाबाहेर निघाल्या. शिरोरेषा मात्र ठिपक्यांवरून अशी सरळ गेली की बघत राहावं.

आणि पाणी प्यायचा तक्ता! रोज आठ ग्लास, महिन्याचे एकतीस चौकोन. आठ तारखेपर्यंत इमानाने रंगवले. मग थेट सव्वीस तारखेला बसून मधले सगळे एकदम भरले, तेही दोन-तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे खरं वाटावं. ही कला जुनी आहे. मे महिन्याच्या सुट्टीतलं ‘रोज एक पान शुद्धलेखन’ मी दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात असंच लिहून काढायचे. तेव्हा निदान बाईंना फसवायचं होतं. आता कुणाला फसवत होते कोण जाणे.

खरी पंचाईत ठिपक्यांची झाली. बायकांच्या हातात ठिपके द्यावेत आणि त्यांनी कामांची यादी करावी, हे त्या कॅरोलला सुचलं कारण त्याने आमची आत्या पाहिली नव्हती. दिवाळीच्या आधी ती जाड कागदावर पट्टीने मापून खुणा करायची आणि पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायची. एकही भोक फाटायचं नाही. खोलीत चंदनाचा आणि जळक्या कागदाचा मिळून एक वास भरायचा, तो मला अजून कुठे आला तर दिवाळी आलीशी वाटते. मग अंगणात गेरूवर तो कागद पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची आणि दोन्ही हातांनी अलगद उचलायचा. खाली ठिपकेच ठिपके. ‘‘पंधरा ते आठ गं, मधोमध,’’ असं ती ओरडायची आणि आम्हाला ते पाढ्यांसारखं कळायचं. कागद उचलायचा मान मला एकदाच मिळाला. मी नेमकी शिंकले.

तर ऑगस्टच्या पानावर फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता मी नऊ ते पाचचं कमळ काढून ठेवलं. खाली ‘बँकेत नॉमिनीचा फॉर्म देणे’ होतं, ते पाकळ्यांत गेलं. त्या फॉर्मला आत्तापर्यंत तीन बाण झालेत.

गेल्या रविवारी दिवाळीच्या आवराआवरीला आईकडे गेले होते. फडताळातले डबे काढले तर खाली अंथरलेला कागद म्हणजे कालनिर्णयचं पान, मार्च १९९४. डाळीच्या डब्याचा गंजका गोल उमटलेला, पण अक्षर आईचं. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेशेजारी जेमतेम नखाएवढ्या जागेत ‘दूध १॥’. मग ‘गॅस लावला’. ‘बाई खाडा’, त्याखाली पुन्हा ‘खाडा’, आणि तिसऱ्या दिवशी नुसतं ‘ख’. ‘इस्त्री १४’. ‘पेपर बंद’. ना चिकटपट्टी, ना ब्रशपेन. खिळ्याला दोरीने बांधलेलं बॉलपेन, ते चालत नसलं की भिंतीवर गिरवून बघितल्याच्या निळ्या रेघोट्या.

१७ तारखेला, गुरुवारी, लाल फुली होती. शेजारी काहीच लिहिलेलं नाही. पंधराव्या वर्षी मी या पानासमोरून दिवसातून वीस वेळा गेले असेन. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर कुठल्या खुणेचा अर्थ काय याची यादी आहे, चौकटीत, तीन रंगांत.

‘‘ही फुली कसली गं आई?’’

तिने हात पदराला पुसले, चष्मा शोधला, पान खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, बाबांचं काहीतरी असेल. किंवा माझंच.

‘‘काय की,’’ ती म्हणाली. ‘‘महत्त्वाचं असणार पण. लाल पेन मी उगाच नव्हते वापरत.’’

पान फडताळात परत अंथरलं. तिने डाळीचा डबा अचूक त्या गंजक्या गोलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘तुझी ती वही आणलीयेस ना? त्यात लिही, आज गॅस लावला.’’