सात फुटी बोटीने कालव्यातून

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. भाऊजींनी हे तीनदा बजावलं होतं, तरी पहिल्याच वळणावर मी बोटीचं नाक काठावरच्या झुडपात घातलं. बोट सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद, म्हणजे सदाशिव पेठेतला एखादा बोळ पाण्यावर सोडल्यासारखी. वेगमर्यादा ताशी ४ मैल. कुत्रं फिरवायला निघालेल्या एक आजीबाई काठावरून आम्हाला मागे टाकून गेल्या!

इंग्लंडमध्ये व्हिटचर्चजवळ लँगोलेन कालव्यावर ग्रिंडली ब्रुक लागतं. तिथे सहा लॉक आहेत, म्हणजे पाणी भरून बोट वर चढवणारे, दोन्हीकडे दारं असलेले हौद. आधीचे तीन सुटे, वरचे तीन जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाला एक चिकटलेले. एकाचं वरचं दार तेच पुढच्याचं खालचं. रिकाम्या हौदात बोट घालायची, मागची दारं लावायची आणि पुढच्या झडपा हँडलने उघडायच्या. पंप नाही, वीज नाही. वरचं पाणी खाली उतरतं आणि बोट वर चढते.

झडपांचं काम माझ्याकडे होतं. मी पुणेरी घाईत हँडल गरागरा फिरवलं. पाणी भसकन आत आलं, बोट पुढे ओढली गेली आणि आतून ताई ओरडली, "अरे, चहा सांडला ना सगळा!" दुसऱ्या लॉकला हँडलच हातातून निसटून डुबुक झालं. नशीब, बोटीत एक जास्तीचं होतं. तिसऱ्याला दार ढकलून ढकलून पाठ मोडली; ते ढिम्म. मग दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं आणि तेच दार नुसतं कंबर टेकवल्यावर हललं. चिकटलेल्या तिन्ही लॉकना मात्र तिथल्या लॉककीपरने 'आता ही झडप, आता ती' करत आम्हाला वर चढवलं.

तिसऱ्या दिवशी वेल्समध्ये शिरल्यावर पोंटकसल्टेचा जलसेतू, म्हणजे कालवाच वाहून नेणारा पूल आला. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या इंजिनिअरांचं हे १८०५ सालचं काम: डी नदीच्या वर सुमारे ३८ मीटर उंचीवर ३०७ मीटर लांबीची बिडाची पन्हळ. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या वर वीतभर कड, पुढे थेट दरी. सुकाणू धरून मी श्वास रोखला होता.

ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदाच खाली बघितलं, पडदा ओढला आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

"दरी संपली की सांग."