तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडाचं पहिलं पान

आमच्या दारामागची खुंटी बघितली की पाहुणे हमखास विचारतात, "आम्हाला लोहारकाम शिकायचं तर पहिली वस्तू कोणती करावी? चाकू?"

चाकू नको. त्याला पोलाद लागतं, शेवटी पाणी द्यावं लागतं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करावं लागतं, आणि ते पाणी बिघडलं की पातं तडकतं. खुंटी करा. वीतभर सळई, एका टोकाला पान, दुसरं टोक भिंतीला ठोकायला चपटं. टोक काढणं, मान पाडणं, पसरवणं, वाकवणं, भोक पाडणं, हे सगळे हात त्या एवढ्याशा वस्तूत बसतात.

१० मिलिमीटरची साधी गोल सळई घ्या. बांधकामातली टोर, म्हणजे कंगोरे असलेली सळई, कडक असते, सगळीकडे सारखी पसरत नाही. जस्त चढवलेला पाईप किंवा तार तर भट्टीजवळही नेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा.

आता खरं शिक्षण: रंग. लोहाराची पडवी अंधारी का असते, ते भात्याजवळ बसल्यावर कळतं. भर उन्हात बसलं तर भट्टीत तापलेल्या लोखंडाचा रंग दिसतच नाही. सळई पळसफुलासारखी केशरी झाली की काढायची, ऐरणीवर घ्यायची आणि जोराने मारायचं. लाली काळपट होऊ लागली की थांबायचं. मला शिकवणारे काका एवढंच म्हणायचे, "लाली गेली का हात थांबला पायजे." गार लोखंडावर मारत राहिलं तर ते पसरत नाही, नुसतं चिरतं आणि मनगट दुखतं. आणि जास्त तापवलं तर पांढरं होऊन ठिणग्या उडतात. म्हणजे लोखंड जळायला लागलं.

म्हणून पहिल्यांदा पिंपळाचं पान काढू नका. त्याचं निमुळतं टोक बाकीच्या पानाच्या किती तरी आधी तापतं आणि जळून जातं. तेंदूचं पान घ्या, लांबट, सरळ. आधी सळईला बोथट टोक, मग ऐरणीच्या धारेवर ठेवून मान, मग हातोड्याच्या चोचीने दोन्हीकडे पसरवायचं. मधली शीर बोथट छन्नीने, पान केशरी असतानाच.

लाली पूर्ण गेल्यावर, पण लोखंड गरम असतानाच, जवसाचं तेल फडक्याने चोळा. तेल धूर सोडत काळं बसतं आणि गंज अडवतं. ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा.

शहरात महागडे वर्गही असतात, पण मी गावातल्या भात्यावरच जायला सांगतो. नागपूर जिल्ह्यात नाईकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी. एवढं जुनं काम, आणि आमच्याकडे ट्रॅक्टर आल्यापासून वखराच्या पासा, म्हणजे पाती, पाजवायला येणारे कमी झाले. तुमच्या खुंटीने भाता थोडा तरी हलतो. फक्त मृगाच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा शेतकऱ्यांची रांग असते. दिवाळीनंतर जा, कोळसा तुमचा न्या, आणि शिकवण्याचे पैसे आधी ठरवून द्या. काका नको म्हणतील, तरी द्या.