आमची वाटचाल : लहान जहाज, कमी माणसं

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं ऑफिस वडिलांनी सुरू केलं ते पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूरच्या बसगाड्यांसाठी. माझ्या हाती काम आल्यावर युरोप झालं, आइसलँड झालं. मग तीच जुनी मंडळी विचारू लागली, "अंटार्क्टिकाला कधी नेताय?" म्हणून आधी तिथले नियम वाचायला घेतले आणि आमच्या धंद्याची पुढची दिशा तिथेच ठरली.

अंटार्क्टिकाचा एक टक्क्याहूनही कमी भाग बर्फाविना आहे. जेंटू आणि अडेली पेंग्विनना अंडी घालायला तीच खडकाळ जमीन लागते, शेवाळ तिथेच वाढतं आणि पर्यटकांच्या रबरी बोटीही तिथेच लागतात. आता एका मोसमात लाखाहून जास्त पर्यटक तिकडे जातात. म्हणून नियम असा की, किनाऱ्यावर एका वेळी शंभरच प्रवासी उतरायचे आणि पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणीच उतरायचं नाही. मोठं जहाज स्वस्त पडतं, पण त्यातून किनारा डेकवरूनच बघायचा. आम्ही लहान जहाजाचीच तिकिटं विकतो. भाव ऐकून बरेच जण उठून जातात, त्याला इलाज नाही.

निघण्याआधी प्रत्येकाचे बूट, जॅकेट, बॅगा आम्ही ऑफिसातच तपासतो. कमाटीबागेत रोज फिरणाऱ्यांच्या नाड्यांत कुसळं हमखास सापडतात. वेल्क्रोची पट्टी तर सगळ्यात वाईट. तिच्यात रुतलेलं गवताचं बी चिमट्याने एकेक करून काढावं लागतं. जहाजावर पुन्हा तपासणी होतेच, पण घाण इथेच निघालेली बरी. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर माणसाबरोबर गेलेलं परकं गवत रुजलंय, ही भीती पुस्तकी नाही.

2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लू आढळला. या रोगाच्या धोक्यामुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी जास्त, त्यामुळे बराच वेळ उभं राहण्याची सवय आधीपासून करा, असं बजावून सांगतो. भाकरवडीचा डबा अर्थात जहाजावरच ठेवायचा.

उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड या बेटांवर नॉर्वेने 1 जानेवारी 2025 पासून नियम आणखी कडक केले. संरक्षित भागात जास्तीत जास्त दोनशे प्रवाशांचंच जहाज जाऊ शकतं आणि उतरायचं तेही ठरवून दिलेल्या 43 ठिकाणीच. ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये 500. "दादा, अस्वल जवळून दिसेल ना?" असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो, "नाही काका, दुर्बिणीतून दिसेल, आणि तेही दिसलं तर."

विमानाचा आणि जहाजाचा धूर कुठल्याच नियमाने नाहीसा होत नाही. म्हणून आमच्या पत्रकावर 'पर्यावरणपूरक' हा शब्द मी छापत नाही. 'बर्फ वितळण्याआधी बघून घ्या' अशी जाहिरात करा, असंही एकाने सुचवलं होतं. ज्या दुखण्यात आपलाही हात आहे, त्याच्यावर तिकिटं खपवणं मला पटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यातला स्वालबार्डचा गट लहानच ठेवलाय. लाँगयरब्येनला, म्हणजे तिथल्या मुख्य गावात, मुक्काम वाढवलाय आणि गाइड तिथलेच घेतलेत. यायचं असेल त्यांनी पैसे भरण्याआधी ऑफिसात येऊन भेटावं, या सहलीचं बुकिंग आम्ही फोनवर घेत नाही.